कपाळावरच्या आठ्या

इलेक्ट्रिकलच्या मुलाने मेंदू आणि चेहऱ्याच्या नसांवर लेख लिहायला घेतलाय हे कळल्यावर संपादक मंडळातल्या आमच्या मित्राच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ट्रान्सफॉर्मरवर लिही की रे काहीतरी, नाहीतर सरळ कविता दे," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या कपाळावर आत्ता ज्या पडल्यात ना, त्या आठ्यांवरच लिहितोय."

यात गंमत थोडी आहे, पण खोटं काही नाही. तोंड अचानक वाकडं झालेल्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात की नाही, एवढ्या एका गोष्टीवरून मेंदूपासून चेहऱ्यापर्यंतच्या वायरिंगमध्ये फॉल्ट कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. पुस्तकात हे मी नंतर वाचलं. आधी ते स्वतःच्या चेहऱ्यावर पाहिलं, आणि सात महिन्यांनी आमच्या आबांच्या.

१. सबमिशनच्या आठवड्यात

२०२३ चा एप्रिल. मी दुसऱ्या वर्षाला होतो. सबमिशनचा आठवडा, त्यामुळे रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जर्नल उतरवणं चालू. एका सकाळी हॉस्टेलच्या बेसिनवर चूळ भरली, तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ शर्टावर. वाटलं, झोप झाली नाही. आरशात बघितलं तर चेहऱ्याचा डावा अर्धा भाग पुतळ्यासारखा. डावा डोळा मिटत नव्हता. हसून बघितलं तर फक्त उजवी बाजू हसली आणि सगळं तोंड तिकडे ओढलं गेलं. रूममेट आधी खो खो हसला, मग नीट बघून एकदम गप्प झाला. मेसचे काका म्हणाले, "पोरा, तोंडावरून वारं गेलं रे तुझ्या. पंख्याखाली झोपला असशील."

वारं गेलं! आमच्या गावाकडे हे शब्द ऐकले की डोळ्यापुढे खाटेवर पडून राहिलेला माणूसच येतो. विसाव्या वर्षी अर्धांगवायू? मी घाबरून घरी फोनसुद्धा केला नाही.

कॉलेजजवळच्या डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "भुवया वर उचल. कपाळाला आठ्या पाड बघू." उजवीकडे आठ्या पडल्या. डावीकडचं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. "छान," त्या म्हणाल्या. मला भयंकर राग आला. यात छान काय आहे? मग त्यांनी दोन्ही हात पुढे धरायला लावले, चालायला लावलं, जीभ बाहेर काढायला सांगितली, बोलतं केलं, कानात टॉर्च मारून पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "मेंदूचं काही दिसत नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. याला बेल्स पाल्सी म्हणतात. बहुतेक जण बरे होतात." स्टेरॉइडच्या गोळ्या, डोळ्यात घालायला थेंब, रात्री पापणी मिटून लावायला चिकटपट्टी, आणि खात्रीसाठी मेंदूविकार तज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी.

सुटलो खरा, पण डोक्यात कोडं घेऊन. ज्याचा निम्मा चेहरा गेला त्याचा मेंदू ठीक, आणि ज्याचं कपाळ हलतं त्याच्या मेंदूची काळजी करायची? बिघाड जास्त दिसतो तिथे आजार कमी गंभीर, हे उलटं गणित कसं काय? आजारपणात वेळ भरपूर होता. मेडिकलला असलेल्या एका मैत्रिणीकडून जाडजूड पुस्तक आणलं आणि आपल्या पद्धतीने सर्किट डायग्राम काढायला बसलो.

२. सर्किट डायग्राम

मेंदूकडून स्नायूकडे जाणाऱ्या कुठल्याही हुकमाचे मुख्य टप्पे दोन. पहिली चेतापेशी मेंदूच्या पृष्ठभागावर असते. तिची लांब तार खाली उतरते आणि दुसऱ्या चेतापेशीला निरोप देते. दुसरीची तार डोक्याबाहेर निघून थेट स्नायूला भिडते. डॉक्टर पहिलीला अपर मोटर न्यूरॉन आणि दुसरीला लोअर मोटर न्यूरॉन म्हणतात. आपल्या भाषेत पहिला टप्पा म्हणजे ट्रान्समिशन, दुसरा म्हणजे डिस्ट्रिब्यूशन.

ट्रान्समिशन सुरू होतं मोठ्या मेंदूच्या एका आडव्या पट्टीत. डोक्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हेअरबँड लावला तर साधारण त्याखाली ही पट्टी येते. तिला मोटर कॉर्टेक्स म्हणतात. कॅनडातल्या माँट्रियलचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला सौम्य विजेचा स्पर्श करून या पट्टीचा नकाशा काढला. एडविन बोल्ड्री यांच्याबरोबर १९३७ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. या नकाशात शरीराचं प्रमाण गमतीशीर आहे. पाठीला आणि मांडीला जेमतेम जागा, आणि हात व चेहरा यांना मात्र भलामोठा प्लॉट. शिवाय हाताचा प्लॉट आणि चेहऱ्याचा प्लॉट शेजारी शेजारी. हे शेजारपण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

चेहऱ्याच्या प्लॉटमधून निघालेल्या तारा इतर तारांबरोबर गोळा होत खाली येतात आणि इंटर्नल कॅप्सूल नावाच्या अरुंद पट्ट्यातून जातात. ही आपली केबल ट्रेंच. चेहरा, हात, पाय या सगळ्यांच्या केबल इथे दाटीवाटीने एकत्र. त्यामुळे इथे एखादी बारीक रक्तवाहिनी जरी तुंबली तरी एकाच वेळी अर्धं अंग बंद पडू शकतं. बोर्डाची परीक्षा असती तर "कारणे द्या" मध्ये दोन मार्कांना आलं असतं.

ट्रेंचमधून तारा उतरतात मेंदूच्या देठात. डोळे, चेहरा, जबडा, घसा आणि जीभ हलवणाऱ्या नसांची सबस्टेशन्स या देठातच आहेत. मेंदूपासून थेट निघणाऱ्या नसांच्या एकूण बारा जोड्या, त्यांना क्रेनियल नर्व्ह्ज म्हणतात. तिसरी, चौथी आणि सहावी डोळ्यांची बुबुळं फिरवतात. पाचवी जबडा चालवते. सातवी चेहरा. नववी आणि दहावी घसा व आवाज. अकरावी मान आणि खांद्याचे काही स्नायू, तर बारावी जीभ. मेंदूच्या पट्टीतून या सबस्टेशन्सपर्यंत येणाऱ्या लाइनचं नाव कॉर्टिकोबल्बर ट्रॅक्ट.

आपल्या कामाची आहे सातवी, म्हणजे फेशियल नर्व्ह. तिचं सबस्टेशन देठाच्या मधल्या भागात, पॉन्समध्ये असतं. पॉन्स म्हणजे लॅटिनमध्ये पूल. तिथून निघालेली तार आधी सहाव्या नसेच्या सबस्टेशनला वळसा घालते, मग देठाबाहेर पडते, आणि कानामागच्या हाडातल्या सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या नागमोडी बोगद्यात शिरते. हा बोगदा सर्वांत अरुंद जागी एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद आहे. बाहेर आल्यावर ती लाळग्रंथीतून जाताना पाच मुख्य फांद्यांत फुटते: कपाळाकडे, डोळ्याकडे, गालाकडे, जबड्याच्या कडेला आणि मानेकडे. चेहऱ्याच्या स्नायूंच्या वीसेक जोड्या या एका नसेच्या जोडीवर चालतात.

या स्नायूंचं वेगळेपण असं की त्यांतले बहुतेक एका टोकाला हाडाशी आणि दुसऱ्या टोकाला थेट कातडीला चिकटलेले असतात. दंडाचा स्नायू हाड ओढतो, चेहऱ्याचा स्नायू कातडी ओढतो. म्हणूनच तर आठी पडते, खळी पडते, नाक मुरडता येतं. एक बारकावा सांगतो. डोळा मिटण्याचं काम सातव्या नसेचं, पण पापणी वर उचलून डोळा उघडण्याचं काम तिसऱ्या नसेचं. माझा डोळा उघडाच राहत होता त्याचं कारण हे. उघडणारी मोटर चालू आणि बंद करणारी जळालेली!

३. कपाळाला दोन फीडर

आता कोड्याचं उत्तर. मोटर कॉर्टेक्समधून उतरणाऱ्या तारा बहुतांशी बाजू बदलतात, डावा मेंदू उजवी बाजू चालवतो हे आपण शाळेपासून ऐकतो. चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला, म्हणजे ओठ आणि गालांना, हा नियम बराचसा लागू आहे. उजव्या ओठाला मुख्यतः डाव्या मेंदूकडूनच सप्लाय. पण कपाळाचं तसं नाही. पॉन्समधल्या सबस्टेशनचा जो भाग कपाळ चालवतो त्याला दोन्ही मेंदूंकडून तारा येतात.

आपल्याकडे हॉस्पिटलला दोन वेगवेगळ्या सबस्टेशनवरून फीडर देतात आणि साध्या घराला एकच. एक फीडर ट्रिप झाला तर घरात अंधार, हॉस्पिटलात दिवे चालू. तसंच इथे. डाव्या मेंदूत गुठळी झाली की उजवा ओठ लोंबतो, पण उजव्या कपाळाला उजव्या मेंदूचा फीडर मिळत राहतो, म्हणून आठ्या पडतात. आता दुसरा प्रकार बघा. हॉस्पिटलच्या आवारात शिरलेली शेवटची केबलच तुटली तर? मग मागे दोन फीडर असोत नाहीतर दहा, सगळा अंधार. माझं झालं ते हे. कानामागच्या बोगद्यात नस सुजली, हाड काही फुगून जागा देत नाही, नस चेपली गेली आणि त्या बाजूचं कपाळ, डोळा, ओठ सगळं एकदम बंद. सर चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या शेवटच्या तारेला "अंतिम सामायिक मार्ग" अशा अर्थाचं नाव दिलं होतं. वरून कितीही ठिकाणांहून हुकूम निघोत, स्नायूपर्यंत जायला रस्ता हाच एक.

म्हणजे कपाळासकट सगळी बाजू गेली तर फॉल्ट बहुधा खालच्या नसेत. कपाळ शाबूत आणि फक्त तोंड वाकडं, तर फॉल्ट वर मेंदूत. मॅडम "छान" का म्हणाल्या ते मला महिनाभराने कळलं.

पुढचं संशोधन वाचल्यावर चित्र आणखी रंगतदार होतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, माकडांवर केलेल्या एका अभ्यासात दिसलं की चेहऱ्याला हुकूम देणाऱ्या जागा मेंदूच्या पृष्ठभागावर एक नसून पाच आहेत. त्यांतल्या कपाळाकडे तारा पाठवणाऱ्या महत्त्वाच्या जागा मेंदूच्या दोन अर्ध्यांमधल्या फटीत, आतल्या बाजूला आहेत. त्या जागांना रक्त पुरवणारी धमनीही वेगळी. नेहमीच्या पक्षाघातात जी धमनी तुंबते ती ओठांच्या जागेला रक्त देते, आतल्या बाजूला नाही. म्हणजे कपाळाला फीडर तर दोन आहेतच, शिवाय त्यांचे पॉवर स्टेशनही वेगळे.

दोन फीडरची सोय फक्त कपाळालाच आहे असंही नाही. जबडा चालवणाऱ्या पाचव्या नसेलाही दोन्ही मेंदूंकडून हुकूम मिळतात, त्यामुळे एका बाजूच्या पक्षाघातात चावणं सहसा बंद पडत नाही. जिभेला पुढे ढकलणारा मुख्य स्नायू मात्र बऱ्याच अंशी विरुद्ध बाजूच्या मेंदूवर अवलंबून असतो. म्हणून जीभ बाहेर काढली की ती कमजोर बाजूकडे वळते. मॅडमनी जीभ काढायला सांगितली होती ती उगाच नाही.

४. फॉल्ट लोकेशन

केबल जमिनीखाली कुठे तुटली हे खणल्याशिवाय शोधायची मरे लूप टेस्ट आपण लॅबमध्ये करतो. सातव्या नसेच्या बाबतीत जुन्या डॉक्टरांनी अशीच युक्ती काढली होती. बोगद्यातून जाताना या नसेला वाटेत छोट्या फांद्या फुटतात. पहिली डोळ्यातल्या पाण्याच्या ग्रंथीकडे जाते. दुसरी कानातल्या एका इवल्याशा स्नायूकडे, जो मोठा आवाज आला की कानाच्या हाडांची साखळी घट्ट धरून आवाज दाबतो. तिसरीतून जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव येते. कुठली फांदी चालू आणि कुठली बंद, यावरून फॉल्ट कुठे ते ओळखायचं.

मला त्या आठवड्यात मेसमधल्या स्टीलच्या ताटांचा आवाज डाव्या कानात हातोड्यासारखा लागायचा, आणि आमटी डाव्या बाजूने अगदी पाणचट लागायची. मला वाटलं मेसवाल्यांनी मीठ कमी केलं! हिशोब मांडला तर माझा फॉल्ट या दोन्ही फांद्यांच्या मागे, बोगद्याच्या बऱ्यापैकी आत निघाला. आज डॉक्टर एवढ्यावर विसंबत नाहीत, कारण सूज लांबवर पसरलेली असते आणि उत्तर चुकू शकतं. गरज वाटली तर एमआरआय करतात. पण तर्क मात्र आपल्या लॅबमधलाच.

या आजाराला नाव मिळालं ते स्कॉटिश सर्जन सर चार्ल्स बेल यांच्यावरून. चेहऱ्याचा स्पर्श आणि चेहऱ्याची हालचाल यांच्या नसा वेगवेगळ्या असतात, यावर त्यांनी १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला होता. नस का सुजते याचं कारण बहुधा अंगात झोपून राहिलेला नागिणीच्या कुळातला एखादा विषाणू असावा, असं मानतात. स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर पूर्ण बरं होण्याची शक्यता वाढते. मला सकाळीच डॉक्टर गाठायची बुद्धी झाली हे नशीब. तरी ओरलला तोंड वाकडंच होतं. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "हसताय कशाला? प्रश्न सोपा वाटला का?" मी म्हटलं, "सर, मी हसत नाहीये, ही फक्त उजवी बाजू आहे."

पाचेक महिन्यांत चेहरा जागेवर आला. एक आठवण मागे राहिली आहे. शीळ घातली की डावा डोळा किंचित मिटतो. तुटलेल्या तारा दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात आणि वाढताना काही चुकीच्या स्नायूला जाऊन जोडल्या जातात. ओठाची तार डोळ्याच्या टर्मिनलला. वायरमन घाईत असला की असंच होतं.

५. दिवाळीतली सकाळ

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिवाळीला गावी गेलो. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, वय बहात्तर. पहाटे उठून विहिरीवरची मोटर चालू करून आले, गुरांना वैरण टाकली. साडेसहाच्या सुमारास ओसरीवर चहाला बसले. पहिल्याच घोटाला चहा उजव्या कोपऱ्यातून गळून धोतरावर सांडला. तोंड डावीकडे ओढलं गेलेलं.

घरात कोणी फारसं घाबरलं नाही, आणि खरी भीतीची गोष्ट हीच होती. कारण सगळ्यांनी माझं तोंड वाकडं झालेलं पाहिलं होतं आणि सरळ झालेलंही. आजी म्हणाली, "आरं, तुला झालं हुतं त्येच ह्ये. वारं गेलं असंल पहाटंचं. शेक दिते." आई म्हणाली, "तुझ्या गोळ्या उरल्यात का रे?" काकांनी ठरवून टाकलं की पाडवा झाला की तालुक्याला दाखवू. आबांनीही हात हलवून "काय न्हाय" असं काहीतरी म्हटलं, पण शब्द तोंडात भिजल्यासारखे आले. आजीने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तर जोराचा ठसका लागला.

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "आबा, माझ्याकडं बघा. कपाळाला आठ्या घाला. मी नापास झालो म्हटल्यावर घालता तशा." आबांनी भुवया उचलल्या. दोन्हीकडे आठ्या! डावीकडे जेवढ्या, तेवढ्याच उजवीकडे. उन्हाने रापलेल्या कपाळावर चार सरळ रेघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

माझ्या आयुष्यात कुणाच्या आठ्या बघून मी एवढा घाबरलो नव्हतो. "दोन्ही हात पुढं धरा आबा, डोळे मिटा." डावा हात राहिला. उजवा हळूहळू तळहात वळवत खाली आला. चेहऱ्याचा आणि हाताचा प्लॉट शेजारी शेजारी, केबल ट्रेंच एकच. आणखी काही तपासायची गरजच नव्हती.

"काका, गाडी काढा. आत्ता." काका म्हणाले, "आरं पण तुला..." मी बहुतेक ओरडलोच, "माझं कपाळ हललं नव्हतं, आबांचं हलतंय! हे नसेचं नाही, मेंदूचं आहे." वाक्य ऐकून कुणाला काही कळलं नसणार. पण माझा आवाज कळला. तालुक्याचा दवाखाना सोडून सरळ जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे सीटी स्कॅन आहे तिथे, आम्ही आठ वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. निघतानाच फोन करून ठेवला होता. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो "काय होतंय" हा नाही. त्यांनी विचारलं, "शेवटचे अगदी ठीक कधी होते?" मी म्हटलं, "साडेसहाला. मोटर चालू करून आले होते."

ही वेळ एवढी मोलाची का? रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या साडेचार तासांतही जितकं लवकर तितकं चांगलं. आधी सीटी करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहावं लागतं, कारण रक्तस्राव असताना हे इंजेक्शन दिलं तर घात होतो. मोठी धमनी तुंबली असेल तर काही रुग्णांत तारेने गुठळी बाहेरही काढतात, आणि निवडक रुग्णांत त्यासाठी चोवीस तासांपर्यंत वेळ मिळू शकतो. आबांना सव्वानऊला इंजेक्शन मिळालं. पाडव्यापर्यंत थांबलो असतो तर? हा प्रश्न आमच्या घरात कोणी मोठ्याने विचारत नाही.

६. हसण्याची दुसरी लाईन

दोन दिवसांनी आबांना वॉर्डात आणलं. उजवा हात उचलता येत होता, बोटं अजून अडखळत होती. डॉक्टर म्हणाले, "आबा, दात दाखवा." आबांनी प्रयत्न केला, तोंड डावीकडेच गेलं. "हसून दाखवा." तसंच. आजीचा चेहरा पडला.

तेवढ्यात आमची चार वर्षांची चुलतबहीण खाटेजवळ गेली आणि आबांच्या नाकातली नळी बघून गंभीरपणे म्हणाली, "आबा, तुम्हाला पण बैलासारखी वेसण घातली?" आबा हसले. खदखदून. आणि हसताना तोंड सरळ होतं! दोन्ही कोपरे सारखे वर. क्षणभराने हसू ओसरलं आणि उजवा कोपरा पुन्हा खाली आला.

आजीला तो चमत्कार वाटला. मला वाटलं, सर्किटमध्ये मला माहीत नसलेली आणखी एक लाईन आहे. पुस्तक उघडलं तर खरंच होती. मुद्दाम केलेलं हसू मोटर कॉर्टेक्समधून निघतं. मनापासून आलेलं हसू निघतं भावनांशी जोडलेल्या, मेंदूच्या आतल्या भागांतून, आणि वेगळ्या वाटेने पॉन्सपर्यंत येतं. शेवटची तार दोघांना एकच. आबांची वरची हुकमाची लाईन तुटली होती, भावनेची शाबूत होती. याच्या उलटही होतं. काही रुग्ण सांगितल्यावर व्यवस्थित दात दाखवतात, पण विनोदावर हसताना चेहऱ्याची एक बाजू मागे राहते. नॉर्वेचे मोनराड-क्रोन यांनी या दोन वाटांच्या फारकतीवर १९२४ मध्ये निबंध लिहिला होता. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या विशिष्ट भागाला इजा झाली तर माणसाला सांगून तोंड उघडता येत नाही, पण जांभई आली की तेच तोंड सताड उघडतं.

इथे आपल्या शाखेची मान उंच करणारी एक गोष्ट. पॅरिसचे डॉक्टर ड्यूशेन यांनी एका म्हाताऱ्या रुग्णाच्या चेहऱ्यावर इलेक्ट्रोड ठेवून एकेका स्नायूला वीज दिली, फोटो काढले आणि १८६२ मध्ये पुस्तक छापलं. विजेने ओठ वर ओढता आले, पण हसू खोटं दिसलं. खऱ्या आनंदात डोळ्याभोवतीचा स्नायूही आकसतो, आणि त्याला हुकूम देऊन कामाला लावणं बहुतेकांना जमत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. डार्विनने १८७२ च्या आपल्या पुस्तकात त्यांचे फोटो वापरले. कॉलेजच्या ग्रुप फोटोत "स्माइल प्लीज" म्हटल्यावर आपण सगळे का विचित्र दिसतो, त्याचं शास्त्रीय कारण मिळालं की नाही?

७. एवढं लक्षात ठेवा

आपल्या भाषेत "वारं गेलं" हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या फॉल्टना वापरला जातो. एकात नस सुजते आणि बहुतेक वेळा बरी होते. दुसऱ्यात मेंदूचा भाग मिनिटामिनिटाला मरत असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तोंड वाकडं. आठ्या त्यांच्यातला फरक दाखवतात.

पण कृपा करून माझा लेख वाचून घरच्या घरी डॉक्टर होऊ नका. आठ्या पडल्या नाहीत म्हणजे निश्चिंत, असं मुळीच नाही. पॉन्समध्येच, सबस्टेशनच्या जागी गुठळी झाली तर कपाळसुद्धा जातं. तेव्हा तोंड अचानक वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं जड झालं, यांतलं काहीही एक दिसलं तरी घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा किंवा सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका, कारण गिळण्याच्या नसांचे हुकूमही त्याच वाटेने येतात आणि घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. आणि नुसती नस असेल तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण ते ७२ तास आहेतच. डोळा जपा.

आबा आता काठी घेऊन विहिरीपर्यंत जातात. सदऱ्याची बटणं लावायला त्यांना वेळ लागतो आणि आजीने लावलेली त्यांना चालत नाहीत. माझ्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी भुवया उचलून माझ्याकडे बघितलं. कपाळावर चार रेघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "ह्यातनं नोकरी लागंल का?" असं विचारून ते हसले. तोंड सरळ होतं.

— अंतिम वर्ष, विद्युत अभियांत्रिकी